पोटॅशियम नायट्रेटचे द्रावण संशोधनात कसे वापरावे: बियाणे, पाणी, साल्ट ब्रिज आणि पानांच्या प्रयोगांसाठी

पोटॅशियम नायट्रेट पाण्यात टाकले की त्याचे दोन आयन सुटे होतात, पोटॅशियम आणि नायट्रेट. पुढे कोणत्या प्रयोगात यातला कोण कामाला येतो, हे दरवेळी वेगळे असते. मिरचीच्या बियाण्याची सुप्तावस्था मोडायची तर काम नायट्रेट करते. साल्ट ब्रिजमध्ये, म्हणजे सेलचे दोन कप्पे जोडणाऱ्या मिठाच्या नळीत, दोघांनीही साधारण सारख्या वेगाने सरकावे लागते. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीत नायट्रेटमधला नायट्रोजन मोजला जातो आणि पोटॅशियम नुसते सोबतीला असते. पेशींच्या प्लाझ्मोलिसिसमध्ये (पाणी बाहेर गेल्याने पेशीचा आतला भाग भिंतीपासून सुटणे) तर कोणता आयन आहे यापेक्षा किती कण विरघळले आहेत हे महत्त्वाचे.

म्हणून वहीत पहिली ओळ हीच लिहा: ‘या प्रयोगात काम कोण करणार आहे?’ कोणत्या प्रतीचे मीठ घ्यायचे, तीव्रता कोणत्या एककात लिहायची आणि कंट्रोल म्हणजे तुलनेचा गट म्हणून काय ठेवायचे, ही तिन्ही उत्तरे या एका प्रश्नातून निघतात. नागपुरात बीएस्सी, एमएस्सी किंवा कृषी महाविद्यालयाचा प्रकल्प करणाऱ्यांचे निकाल बिघडतात ते बहुधा रसायनामुळे नाही, हा प्रश्न न विचारल्यामुळे.

कोणते मीठ, कोणते पाणी

बाजारात ते तीन प्रकारांत मिळते. एआर ग्रेड (विश्लेषणाच्या शुद्धतेचे) मोजमापाच्या कामाला, म्हणजे स्टँडर्ड (नेमक्या माहीत तीव्रतेचे द्रावण), व्होल्टॅमेट्री (विभव बदलत प्रवाह मोजणे) आणि एन्झाइमच्या प्रयोगांना. एलआर ग्रेड (साध्या प्रयोगशाळेच्या कामाचे) सरावाच्या साल्ट ब्रिजला किंवा प्लाझ्मोलिसिसला चालते. तिसरे कृषी केंद्रात मिळणारे १३:००:४५ हे विद्राव्य खत. कपाशीवर किंवा संत्र्यावर फवारायला ते ठीक आहे, पण त्याने केलेल्या प्रयोगाला ‘पोटॅशियम नायट्रेटचा परिणाम’ म्हणू नका. त्यात थोडी इतर मीठेही असतात. शिवाय पाकिटावरचा ४५ हा आकडा पोटॅशियमचा नसून पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातला आहे. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये वजनाने पोटॅशियम ३८.७ टक्के आणि नायट्रोजन १३.९ टक्के असतो.

बाटली उघडल्यावर एक साधी परीक्षा करता येते. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट हवेतला ओलावा सहजासहजी घेत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर गेली तरच ते ओलसर होऊ लागते. श्रावणातल्या झडीतही झाकण बंद असलेल्या बाटलीतले मीठ चिकट झाले असेल तर त्यात सोडियम किंवा कॅल्शियम नायट्रेटची भेसळ असण्याची शंका घ्या आणि ती बाटली स्टँडर्डसाठी वापरू नका. नुसत्या गाठी झाल्या असतील तर घाबरायचे कारण नाही. स्वच्छ काचेच्या कांडीने फोडा आणि वजनापूर्वी वाळवून घ्या.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड. कन्हान किंवा पेंचचे नळाचे पाणी नको, बोअरचे तर मुळीच नको. आरओचे पाणी चालेल असे अनेकांना वाटते. पण आरओची पडदी इतर बऱ्याच क्षारांच्या तुलनेत नायट्रेट कमी अडवते, त्यामुळे नेमके तेच थोडेफार पाण्यात राहते. बियाण्याच्या प्रयोगात आरओ ‘कंट्रोल’ म्हणून ठेवले, तर कंट्रोललाही नायट्रेटचा डोस मिळतो आणि शेवटी फरक दिसत नाही.

१ मोलर स्टॉक

जवळजवळ सगळ्या कामांना १ मोलर (लिटरला १ मोल) स्टॉक, म्हणजे पुढे विरळ करून वापरायचे मूळ द्रावण, पुरतो. रेणुभार १०१.१ आहे, म्हणून १ लिटरला १०१.१ ग्रॅम.

१. मीठ १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वाळवा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. साध्या कामाला दोन तास पुरतात. स्टँडर्डचे पुढे वेगळे सांगितले आहे.

२. वजन करताना कूलर बंद ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे जड जाते, पण डेझर्ट कूलरच्या झोताने चार दशांशांच्या काट्याचा शेवटचा आकडा थांबतच नाही.

३. बीकरमध्ये ७०० मिलिलिटर पाणी घ्या आणि ढवळत मीठ टाका. बीकर हाताला गार लागेल. हे मीठ विरघळताना उष्णता शोषून घेते, आणि एवढ्या पाण्यात द्रावणाचे तापमान साधारण १० अंशांनी उतरते.

४. इथे थांबा. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच १ लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोनतीनदा थोड्या पाण्याने धुऊन तेही त्यात घाला आणि खुणेपर्यंत भरा. गार द्रावण खुणेपर्यंत भरले तर ते गरम झाल्यावर खुणेच्या वर चढते, म्हणजे खरी तीव्रता लेबलपेक्षा कमी राहते.

५. फ्लास्कच्या मानेवर २० अंश किंवा २७ अंश असे छापलेले असते. भारतीय मानकाची काच बहुधा २७ अंशांची. नवतपात बिनएसीच्या खोलीचे तापमान ४० अंश असेल आणि फ्लास्क २७ चा असेल, तर पाण्याच्या प्रसरणामुळे ०.४ टक्क्यांच्या आसपास चूक येते. बियाण्यासाठी ती विसरून जा. स्टँडर्डसाठी विसरू नका. ते काम सकाळी लवकर करा किंवा फ्लास्क २७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून खूण भरा.

१ मोलर स्टॉक फ्रिजमध्ये ठेवता येतो, खडे पडत नाहीत. २ मोलर करून जागा वाचवण्याचा मोह होतो, तो टाळा. १०० ग्रॅम पाण्यात हे मीठ २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम विरघळते, तर ० अंशाला फक्त १३ ग्रॅम. फ्रिजमध्ये २ मोलर द्रावणाच्या तळाशी सुया जमतात, वरचे द्रावण विरळ होते, आणि सकाळी कोणीतरी न हलवता वरचेच पिपेटने घेतो.

लेबलवर तीव्रता मोलर आणि ग्रॅम प्रति लिटर अशी दोन्ही लिहा. नुसते ‘१ टक्का’ किंवा ‘१०० पीपीएम’ लिहू नका. पीपीएम कशाचा, मिठाचा, नायट्रेटचा की नायट्रोजनचा, हे महिनाभराने तुम्हालाही आठवणार नाही.

बियाण्याची सुप्तावस्था आणि प्रायमिंग

या दोन कामांची नेहमी गल्लत होते, म्हणून आधी वेगळी करू. उगवण चाचणीत बी कोरडेच घेतात आणि कागद पोटॅशियम नायट्रेटने ओला करतात. उद्देश सुप्तावस्था मोडणे. प्रायमिंगमध्ये बी द्रावणात ठरावीक तास भिजवून, धुऊन, परत मूळ वजनापर्यंत वाळवतात आणि मग पेरतात. उद्देश उगवण लवकर आणि एकसारखी होणे. पहिल्यात तीव्रता कमी असते, दुसऱ्यात जास्त.

आंतरराष्ट्रीय बीज चाचणीच्या पद्धतीत सुप्तावस्थेसाठी ०.२ टक्के द्रावण सांगितले आहे. म्हणजे १ लिटरमध्ये २ ग्रॅम, किंवा १ मोलर स्टॉकचे २० मिलिलिटर १ लिटरपर्यंत. दोन्ही हिशेब सुमारे २० मिलिमोलरवर येतात. मिरची घेऊन पायऱ्या पाहू. भिवापूरची स्थानिक मिरची घेतली तरी पद्धत तीच.

बी बिनप्रक्रियेचे हवे. पाकिटातले बी बहुधा बुरशीनाशकाने रंगवलेले असते. ते धुवावे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा प्रक्रिया न केलेले बी मागवणे सोपे. पृष्ठभाग निर्जंतुक करायला १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २ ते ३ मिनिटे ठेवून, चारपाच वेळा पाणी बदलत धुवा.

९० मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपरचे दोन थर घाला आणि ०.२ टक्के द्रावण ४ ते ५ मिलिलिटर ओता. कागद पूर्ण भिजला पाहिजे, पण डिश तिरकी केल्यावर पाण्याचे तळे दिसता कामा नये. तळे झाले तर बियाण्याला हवा मिळत नाही आणि उगवण घटते. मग दोष नायट्रेटवर येतो. एका डिशमध्ये ५० किंवा १०० बिया. प्रमाणित चाचणीला एकूण ४०० बिया लागतात. तापमान आलटून पालटून: १६ तास २० अंश, ८ तास ३० अंश, आणि उजेड ३० अंशांच्या ८ तासांत. पहिली मोजणी सातव्या दिवशी, शेवटची चौदाव्या.

नायट्रेट फक्त पहिल्यांदा. नंतर डिश सुकली की साधे डिस्टिल्ड पाणीच घाला. दर दोन दिवसांनी पुन्हा नायट्रेट घालत गेलात तर पाणी उडते, मीठ मागे राहते, आणि दहाव्या दिवशी डिशमधली तीव्रता सुरुवातीच्या कितीतरी पट असते. मुळांची टोके तपकिरी पडली, मुळे आखूड आणि जाड झाली तर आधी हेच तपासा. मे महिन्यात इनक्युबेटर नसताना खोलीतच डिश ठेवल्या तर त्या दिवसाला दोनदा सुकतात, आणि ३८ अंशांच्या वर मिरचीचे बी तसेही मरगळते. इनक्युबेटर मिळत नसेल तर प्रयोग नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत घ्या.

प्रायमिंगसाठी साहित्यात ०.५ ते ३ टक्क्यांपर्यंतच्या तीव्रता दिसतात. सुरुवात १ टक्क्याने करा, म्हणजे १ लिटरला १० ग्रॅम. १ ग्रॅम बियाण्याला निदान ५ मिलिलिटर द्रावण, २५ अंश, २४ तास, अंधारात, आणि मत्स्यटाकीच्या छोट्या पंपाने हवा सोडत. हवा नसेल तर बी गुदमरते. नंतर वाहत्या पाण्याखाली २ मिनिटे धुवा, पंख्याखाली सावलीत मूळ वजनापर्यंत वाळवा. उन्हात नको. भिजवताना मोड डोकावू लागले तर वेळ जास्त झाला. असे बी वाळवल्यावर मरते. दर ४ तासांनी थोडे बी उचलून पाहा आणि आपल्या वाणाची वेळ ठरवा.

संत्र्याच्या खुंटासाठी लागणाऱ्या जंभेरीच्या बियाण्यावर ही वाळवायची पायरी लावू नका. लिंबूवर्गीय बी वाळवणे नीट सोसत नाही. फळातून काढून, धुऊन, लगेच पेरणे हीच त्याची रीत, आणि नायट्रेट द्यायचेच तर ओल्या कागदावरच द्या.

कंट्रोल: इथेच बहुतेक प्रकल्प पडतात

‘पाणी’ आणि ‘पोटॅशियम नायट्रेट’ एवढ्या दोनच गटांवरून ‘नायट्रेटमुळे उगवण वाढली’ असे लिहिता येत नाही. वाढ पोटॅशियममुळे असू शकते, नायट्रेटमुळे असू शकते, किंवा द्रावण खारट असल्याने बियाण्यात पाणी हळूहळू शिरले म्हणूनही असू शकते. प्रत्येक शक्यतेला तिचा स्वतःचा कंट्रोल लागतो.

०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या जोडीला त्याच मोलर तीव्रतेचे पोटॅशियम क्लोराइड १.४७ ग्रॅम प्रति लिटर आणि सोडियम नायट्रेट १.६८ ग्रॅम प्रति लिटर ठेवा. सोडियम नायट्रेटने वाढ झाली आणि पोटॅशियम क्लोराइडने झाली नाही, तर काम नायट्रेटचे. या तीव्रतेला द्रावणाचा परासरणी ताण (पाणी ओढून धरण्याची ताकद) जेमतेम ०.१ मेगापास्कल असतो, त्यामुळे तिसरी शक्यता बाजूला ठेवता येते. प्रायमिंगच्या १ टक्का द्रावणात मात्र तो ०.४५ मेगापास्कलच्या आसपास जातो आणि तिसरा कंट्रोल घ्यावाच लागतो: मॅनिटॉल, सुमारे ३३ ग्रॅम प्रति लिटर. सोबत पोटॅशियम क्लोराइड ७.३७ आणि सोडियम नायट्रेट ८.४१ ग्रॅम प्रति लिटर. कोरडे बी आणि साध्या पाण्यात भिजवून वाळवलेले बी हे दोन गटही वेगळे ठेवा. नुसत्या भिजवण्यानेही उगवणीत फरक पडतो, आणि तो अनेकदा नायट्रेटच्या खात्यात जमा होतो.

पुनरावृत्तीचा मुद्दा परीक्षक हमखास काढतात. एका बीकरमध्ये भिजवलेले बी चार डिशमध्ये वाटले तर त्या प्रायमिंगच्या चार पुनरावृत्ती होत नाहीत, एकच होते. चार हव्या असतील तर चार बीकर हवेत.

पाण्यातील नायट्रेट मोजण्यासाठी स्टँडर्ड

काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांमधल्या विहिरींचे पाणी तपासणे हा आपल्याकडे प्रकल्पाचा सरळ विषय आहे. सर्वांत सुटसुटीत पद्धत अतिनील शोषणाची: नायट्रेट २२० नॅनोमीटरला शोषण दाखवते. कॅलिब्रेशनचा पाया पोटॅशियम नायट्रेटच असतो, कारण ते शुद्ध मिळते, ओलावा धरत नाही आणि वजनाला विश्वासू आहे.

एआर मीठ १०५ अंशांना २४ तास वाळवा. ०.७२१८ ग्रॅम मोजून १ लिटर करा. हा स्टॉक १०० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजनचा होतो. जास्त दिवस ठेवायचा तर लिटरला २ मिलिलिटर क्लोरोफॉर्म घाला, मग तो ६ महिने टिकतो. फ्यूम हूडमध्येच घाला. याचे १०० मिलिलिटर १ लिटरपर्यंत नेले की १० मिलिग्रॅम प्रति लिटरचे मधले द्रावण मिळते. त्यातून ०, २.५, ५, १०, २० आणि ३५ मिलिलिटर वेगवेगळ्या ५० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत भरा. तीव्रता अनुक्रमे ०, ०.५, १, २, ४ आणि ७ मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रत्येकात, आणि गाळलेल्या ५० मिलिलिटर नमुन्यातही, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलिलिटर घाला. आम्लामुळे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट आड येत नाहीत.

क्युव्हेट (यंत्रात नमुना धरणारी छोटी चौकोनी नळी) क्वार्ट्झचाच हवा. काचेचा किंवा साध्या प्लास्टिकचा २२० ला प्रकाशच सोडत नाही. नवख्या हातून ही चूक झाली की सगळे नमुने सारखेच ‘भरपूर नायट्रेट’ दाखवतात.

पाण्यातला सेंद्रिय कचराही २२० ला शोषतो, पण नायट्रेटसारखे नाही, तो २७५ लाही शोषतो. म्हणून दोन्ही वाचने घ्या आणि २२० च्या शोषणातून २७५ च्या शोषणाची दुप्पट वजा करा. ही वजाबाकी २२० च्या वाचनाच्या १० टक्क्यांहून जास्त होत असेल तर या पद्धतीचा नाद सोडा, त्या नमुन्याला कॅडमियम रिडक्शन किंवा आयन क्रोमॅटोग्राफी लागेल. स्वच्छ विहिरीच्या पाण्याला पद्धत जमते. नाग नदीच्या किंवा सांडपाण्याच्या नमुन्याला जवळजवळ कधीच नाही.

आता एककांचा घोळ, कारण अहवाल इथेच चुकतात. वर केलेले स्टँडर्ड नायट्रोजनच्या हिशेबात आहे. भारतीय पेयजल मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पण ती नायट्रेटच्या हिशेबात. नायट्रोजनला ४.४३ ने गुणले की नायट्रेट मिळते. यंत्राने १२ दाखवले तर नायट्रेट ५३ आहे, पाणी मर्यादेबाहेर. तोच १२ चा आकडा ४५ शी थेट ताडला तर तेच पाणी ‘उत्तम’ ठरेल, आणि गावात कोणीतरी ते बाळाच्या दुधात वापरेल. नायट्रेटच्याच हिशेबातले १०० मिलिग्रॅमचे स्टँडर्ड हवे असेल तर लिटरला ०.१६३१ ग्रॅम मीठ घ्या. दोन्ही स्टँडर्ड एकाच कपाटात ठेवू नका.

नमुना बर्फात आणा आणि ४८ तासांच्या आत वाचा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीत जिवाणू नायट्रेट खातात किंवा तयार करतात. कोणत्या दिशेने चूक होईल याचा भरवसा नाही.

साल्ट ब्रिज

साल्ट ब्रिजला सहसा पोटॅशियम क्लोराइड वापरतात. पण एका कप्प्यात चांदी, शिसे किंवा पारा असेल तर क्लोराइड त्यांच्याशी साका (न विरघळणारा गाळ) करते आणि ब्रिजचे तोंड बंद होते. तिथे पोटॅशियम नायट्रेट. २५ अंशांना पोटॅशियम आयनाची मोलर वाहकता ७३.५ आणि नायट्रेटची ७१.४ असल्याने दोघे जवळपास बरोबरीने सरकतात आणि जोडावरचे विभव लहान राहते. सोडियम क्लोराइडचा ब्रिज का नको, तेही यातून समजते: सोडियम ५०, क्लोराइड ७६.

१०० मिलिलिटर पाण्यात १०.१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि ३ ग्रॅम अगर (जेलीसारखे घट्ट करणारी पूड) घ्या. अगर आधी पाण्यात १० मिनिटे फुगू द्या, मग पारदर्शक होईपर्यंत गरम करा आणि शेवटी मीठ घाला. गरम असतानाच यू-नळीत भरा. बुडबुडा राहिला तर ती नळी टाकून द्या, कारण बुडबुड्यातून विद्युतप्रवाह जात नाही आणि मीटरचा आकडा भटकत राहतो. न वापरतानाच्या वेळी टोके १ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवा. कोरडा पडलेला अगर आकसतो आणि नळीपासून सुटतो.

तपासायला तांबे-चांदीचा सेल करा: ०.१ मोलर कॉपर नायट्रेटमध्ये तांब्याची पट्टी, ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये चांदीची तार, मध्ये ब्रिज, आणि डिजिटल मल्टिमीटर. पाठ्यपुस्तकात ०.४६ व्होल्ट लिहिलेले असते, तुम्हाला ०.४३ च्या आसपास दिसेल आणि तेच बरोबर आहे, ०.४६ हे १ मोलरचे मूल्य आहे, नर्न्स्टच्या समीकरणाने ०.१ मोलरला ०.०३ व्होल्ट कमी होतो. ०.३ च्या खाली गेले तर तांब्याच्या पट्टीवरचा ऑक्साइड घासून काढा.

याच कारणाने क्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला दुहेरी जोडाचा संदर्भ इलेक्ट्रोड लागतो आणि त्याच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरतात. आत पोटॅशियम क्लोराइड असले तरी ते थेट नमुन्यात झिरपत नाही.

चक्रीय व्होल्टॅमेट्री शिकताना फेरीसायनाइडचा प्रयोगही बहुधा १ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये करतात. इथे त्याचे काम केवळ द्रावण वाहक ठेवण्याचे. दोन शिखरांतले अंतर ५९ मिलिव्होल्टच्या जवळ यायला हवे. शंभराच्या वर गेले तर आधी इलेक्ट्रोड अल्युमिनाच्या पुडीवर घासा, मग द्रावणावर शंका घ्या.

पानातील नायट्रेट रिडक्टेज

नायट्रेट घेऊन त्याचे नायट्राइट करणारे हे एन्झाइम पानात किती काम करते, हे कपाशीपासून गव्हापर्यंत कोणत्याही पिकात पाहता येते. ०.२५ ग्रॅम ताज्या पानाचे बारीक तुकडे ५ मिलिलिटर माध्यमात टाका: ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.५, त्यात ०.०५ मोलर पोटॅशियम नायट्रेट आणि १ टक्का प्रोपेनॉल. प्रोपेनॉल पेशींचे पडदे सैल करते, म्हणून नायट्रेट आत जाते आणि नायट्राइट बाहेर येते. निर्वात पंपाने हवा ओढून तुकडे बुडवा. मग ३० अंशांना, पूर्ण अंधारात, ३० ते ६० मिनिटे. अंधार विसरलात तर प्रकाशसंश्लेषणाच्या जोरावर पान नायट्राइटही पुढे वापरून टाकते आणि क्रिया नाहीच असे दिसते.

नंतर नळी ५ मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, थंड करा, द्रावणाचा भाग घेऊन त्यात सल्फानिलामाइड आणि एनईडी हे रंग आणणारे अभिकर्मक घाला, २० मिनिटांनी गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरला वाचा. कॅलिब्रेशन सोडियम नायट्राइटचे करा. इथे अनेकजण सवयीने पोटॅशियम नायट्रेटचे स्टँडर्ड लावतात आणि रंग येत नाही म्हणून अभिकर्मक बदलत बसतात. रंग नायट्राइटला येतो, नायट्रेटला नाही.

पाने सकाळी १० ते ११ च्या दरम्यान घ्या आणि रोज त्याच वेळी घ्या. हे एन्झाइम उजेडाने वाढते व रात्री घटते, त्यामुळे वेळ बदलली की आकडाही बदलतो. प्रत्येक नमुन्याची एक नळी शून्य मिनिटाला उकळून ठेवा. पानात आधीच असलेले नायट्राइट त्यातून कळते.

प्लाझ्मोलिसिस आणि पोषक द्रावणे

बागेत सहज मिळणाऱ्या ऱ्हीओच्या पानाची जांभळी साल काढा. १ मोलर स्टॉकपासून ०.०५ ते ०.३० मोलरपर्यंत ०.०५ च्या पायरीने द्रावणे करा. १० मिलिलिटर ०.२० मोलरसाठी २ मिलिलिटर स्टॉक आणि ८ मिलिलिटर पाणी. साल २० मिनिटे ठेवून, निम्म्या पेशींत जांभळा भाग भिंतीपासून सुटलेला दिसेल ती तीव्रता नोंदवा. ह्यूगो द व्रीस यांनी १८८० च्या दशकात परासरणाचे मूलभूत काम पोटॅशियम नायट्रेट वापरूनच केले होते. तासभर ठेवू नका. मीठ हळूहळू पेशीत शिरते, पेशी पुन्हा फुगतात आणि तीव्रता खरीपेक्षा जास्त वाटते. लांबच्या प्रयोगाला साखर किंवा मॅनिटॉल बरे.

होगलंडच्या पोषक द्रावणात १ मोलर स्टॉकचे ५ मिलिलिटर प्रति लिटर जाते, आणि ऊतीसंवर्धनाच्या १९६२ च्या मुराशिगे-स्कूग माध्यमात १.९ ग्रॅम प्रति लिटर. दोन्हीकडे नियम एकच: कॅल्शियमचा स्टॉक फॉस्फेट आणि सल्फेटच्या स्टॉकपासून वेगळा ठेवा. पोटॅशियम नायट्रेट कुणाशीही जमवून घेते, पांढरा साका दिसला तर तो त्याचा नसतो.

साठवण आणि विल्हेवाट

कोरडे पोटॅशियम नायट्रेट हे ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारे रसायन आहे. ते अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, गंधक, कोळसा, लाकडी भुसा यांच्या कपाटात ठेवू नका आणि कशासोबतही खलबत्त्यात घोटू नका. सांडले तर कापसाने किंवा कागदाने पुसून तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आधी पाण्याने धुवा. द्रावण ओले असेपर्यंत हा धोका नाही, पण ०.२ टक्के द्रावणाच्या बाटलीत बुरशी आणि शैवाल लवकर वाढते, म्हणून ते दर आठवड्याला स्टॉकमधून ताजे करा.

उरलेले ०.२ टक्के द्रावण दुप्पट पाणी घालून कुंड्यांना देता येते. जास्त तीव्रतेची द्रावणे थेट मोरीत ओतू नका. फुटाळा असो की अंबाझरी, तलावात गेलेले नायट्रेट जलपर्णीचे खाद्य होते. साल्ट ब्रिजच्या प्रयोगातले चांदीचे द्रावण वेगळ्या गडद बाटलीत जमा करा. त्यात मीठाचे पाणी घातले की सिल्व्हर क्लोराइड खाली बसते. ते गाळून, वाळवून, विभागाच्या साठ्यात द्या.